“प्रवास करता का?” “नाही हो, इथेच जातो.”

माझ्या पायलट सर्वेक्षणातला पहिला प्रश्न अगदी साधा होता : ‘तुम्ही कामासाठी रोज प्रवास करता का?’ उत्तर ‘हो’ असेल तर पुढचे प्रश्न विचारायचे, ‘नाही’ असेल तर आभार मानून फॉर्म बंद करायचा. टेमघरला भिवंडी-कल्याण रस्त्याच्या कडेला सकाळी साडेसातला क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले आणि तासाभरात घाम फुटला. एकामागून एक फॉर्म पहिल्याच प्रश्नावर बंद होत होते.

हातात डबा घेऊन रिक्षाची वाट बघत उभा असलेला माणूस मला सांगत होता, “प्रवास? नाही हो ताई. इथेच जातो, पूर्ण्याला, गोडाऊनला.” लूमवर काम करणारे एक चाचा हसले आणि म्हणाले, “सफर तो साल में एक बार होता है, गाँव का.” ते रोज कारखान्यापर्यंत वीस मिनिटं चालत जातात आणि तितकंच चालत परत येतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी तर जवळजवळ रागावल्याच. “मला कुठं बाई प्रवास करायला वेळ?” त्या तेव्हा दुसऱ्या घरून तिसऱ्या घरी निघाल्या होत्या.

चूक त्यांची नव्हती, शब्दाची होती. ‘कम्यूट’ या संकल्पनेला मी डोळे झाकून ‘प्रवास’ हा शब्द लावला होता. आपल्या बोलण्यात प्रवास म्हणजे बॅग भरणं, तिकीट काढणं, पोहोचल्यावर घरी फोन करणं. कल्याणला गाडी बदलून दादरला जाणारा माणूससुद्धा “ट्रेनने जातो” म्हणतो, “प्रवास करतो” असं सहसा म्हणत नाही. मी दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला : ‘कामावर येणं-जाणं कसं करता?’ आता फॉर्म भरू लागले. पहिल्या दिवशीचे सगळे मात्र बाजूला ठेवावे लागले.

मागे मी नमुना निवडीबद्दल लिहिलं होतं तेव्हा म्हटलं होतं की प्रश्नावली करणं त्या मानाने सोपं असतं. ते वाक्य मागे घेते.

टेमघरच का?

टेमघर म्हटलं की बहुतेकांना पुण्याजवळचं धरण आठवतं. हे ते नाही. हे भिवंडीचं टेमघर, शहरातून कल्याणकडे निघालं की राजनोली नाक्याच्या आधी लागतं. एका अंगाला यंत्रमागाचे कारखाने आणि चाळी, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती, आणि रस्त्यावर सूत, कापड, गोडाऊनचा माल वाहणारे टेम्पो नि कंटेनर.

प्रवासाच्या अभ्यासासाठी भिवंडी हे विलक्षण शहर आहे. 2011 च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 7,09,665 होती. एवढं मोठं शहर मुंबई महानगर प्रदेशात असूनही मुंबईच्या उपनगरी लोकलच्या नकाशावर नाही. वसई-दिवा मार्गावर ‘भिवंडी रोड’ स्टेशन आहे, पण तिथे थांबणाऱ्या प्रवासी गाड्या मोजक्या. त्यामुळे लोकल पकडायची तर आधी कल्याण किंवा ठाणे गाठायचं. कल्याण स्टेशन टेमघरपासून दहा किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये राजनोली, कोनगाव आणि दुर्गाडीचा खाडीपूल लागतो. ते अंतर किती मिनिटांचं, हे त्या दिवशीचे कंटेनर ठरवतात.

आणि याच रस्त्यावर मेट्रो येणार आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण ही मेट्रो मार्गिका 5, जवळपास 25 किलोमीटरची. डिसेंबर 2018 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणला तिचं भूमिपूजन झालं. काम दोन टप्प्यांत ठरलं : पहिला टप्पा ठाण्याकडून धामणकर नाक्यापर्यंत, दुसरा तिथून पुढे कल्याणकडे. टेमघरचं स्थानक या दुसऱ्या टप्प्यात आहे. शहरातली दाट वस्ती तोडावी लागू नये म्हणून धामणकर नाका ते टेमघर हा भाग पुढे भुयारी करायचं ठरलं.

म्हणजे संशोधकाच्या भाषेत इथे एक ‘नैसर्गिक प्रयोग’ घडणार आहे. प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट बदलतो आणि काय होतं ते पाहतो. लाखो माणसांच्या सवयींवर असा प्रयोग आपल्याला करता येत नाही. पण कधीकधी सरकार, पाऊस, संप किंवा महामारी तो करून टाकते, आणि आपण वही घेऊन तिथे हजर असलो तर काहीतरी शिकता येतं. अट एकच : बदल होण्याआधीची नोंद आपल्याकडे हवी.

जनगणनेतून मिळेल ना?

मलाही आधी असंच वाटलं होतं. 2011 च्या जनगणनेत घर ते कामाची जागा यातलं अंतर आणि जाण्याचं साधन विचारलं होतं, आणि त्याची तक्तावार माहिती उपलब्ध आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा तक्ता एकदा तरी उघडून पाहावा, कारण आकडेवारी कशी ‘घडते’ हे त्यातून फार छान कळतं.

पहिली गोष्ट, हा प्रश्न सगळ्या कामगारांना विचारलेला नाही. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार वगळून जे उरतात, ज्यांना जनगणना ‘इतर कामगार’ म्हणते, फक्त त्यांनाच. देशात असे सुमारे 20 कोटी लोक होते. घराच्या आवारातच माग टाकून बसलेलं कुटुंब यातून बाहेर पडतं. भिवंडीसारख्या गावात हे बारीकसं कलम नाही.

दुसरी गोष्ट, या 20 कोटींपैकी साधारण 30 टक्के लोकांपुढे ‘प्रवास नाही’ अशी नोंद आहे. या रकान्यात घरून काम करणारा येतो, दुकानाच्या मागे राहणारा दुकानदार येतो, आणि कारखान्यातच झोपणारा मजूरही येतो. एकाने निवडलेली सोय आणि दुसऱ्याला घर नसणं, दोन्हींची नोंद एकच. टेमघरच्या आसपास दोन्ही प्रकारची माणसं भेटतात. आणि हो, ‘प्रवास’ शब्दाने माझी जशी फजिती केली तशी प्रगणकांचीही केली असेल का, असा संशय मला आता हा रकाना बघताना येतोच.

तिसरी गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात अडचणीची. फॉर्ममध्ये एकच साधन नोंदवायची सोय होती. टेमघरहून मुलुंडला नोकरीला जाणारी मुलगी आधी गल्लीतून नाक्यापर्यंत चालते, मग शेअर रिक्षाने कल्याण, मग लोकल, मग परत चालणं. तिच्यापुढे लिहिलं जाणार ‘रेल्वे’. ती रोज वेळेवर पोहोचेल की नाही हे ज्या रिक्षावर ठरतं, ती रिक्षा आकड्यांतून गायब. प्रवास अभ्यासात याला ‘मुख्य साधन’ आणि ‘पोहोच साधन’ असा फरक करतात. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याला हा फरक पुस्तकी वाटेल. टेमघरला तोच सगळा विषय आहे.

आणि शेवटचं म्हणजे, 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची 2027 ची आहे. म्हणजे हाताशी असलेली जनगणनेची माहिती 2011 ची, भिवंडीच्या भोवती गोदामांचं आजचं जंगल उभं राहण्याआधीची.

सवय की नाइलाज?

दुसऱ्या पायलटचे फॉर्म घेऊन मी आनंदाने मॅडमकडे गेले. (मॅडम म्हणजे माझ्या गाइड.) प्रत्येक माणसाची सवय किती पक्की आहे हे मी मोजलं होतं. त्यासाठी वर्प्लँकेन आणि ऑर्बेल या संशोधकांनी 2003 मध्ये बनवलेली बारा विधानांची सूची आहे. ‘हे मी विचार न करता करतो’ अशा धर्तीची विधानं असतात आणि माणूस किती सहमत आहे ते सांगतो. माझ्या फॉर्ममध्ये रिक्षावाल्या प्रवाशांचे गुण भरभरून आले होते. म्हटलं, वा, काय पक्की सवय!

मॅडमनी दोन-चार फॉर्म उलटले आणि विचारलं, “अगं, हा माणूस रोज शेअर रिक्षाने जातो हे खरं. पण त्याच्याकडे दुसरं होतं काय? तू सवय मोजतेयस की नाइलाज?”

मी गप्प. हा प्रश्न मला पुढे चार महिने पुरला.

या विषयातलं मूळ संशोधन बहुतेक युरोप-अमेरिकेतलं. तिथला नमुना माणूस असा : दाराशी गाडी आहे, कोपऱ्यावर बस आहे, सायकलचा रस्ताही आहे, तरी तो रोज हात गाडीच्या किल्लीकडे नेतो. तिथे ‘सवय’ हा शब्द शोभतो, कारण पर्याय समोर असून तो पाहत नाही. टेमघरच्या माणसाने मात्र सगळे पर्याय पाहिलेले असतात. बसची वेळ काय, ती किती चुकते, रिक्षा भरायला किती वेळ लागतो, पुढच्या सीटवर चौथा घेतला तर किती वाचतात, दुचाकीचा हप्ता किती, हे त्याला तोंडपाठ असतं. रोज तेच करणं म्हणजे विचार न करणं नव्हे. कधीकधी विचार करून झालेला असतो आणि उत्तर एकच निघतं.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मग ओळखायचं कसं? बदल झाला तेव्हा माणसाने काय केलं ते बघून. बदल उलटला आणि माणूस मुकाट्याने जुन्या वाटेवर परतला तर तो पुरावा एका बाजूचा. बदल उलटूनही तो नव्या वाटेवर राहिला, तर त्याला आधी चांगला पर्याय दिसतच नव्हता, म्हणजे सवयीने डोळे झाकले होते.

यावरचं माझं सर्वात आवडतं काम लंडनचं आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला. काही स्थानकं बंद होती, काही चालू. लार्कम, राउख आणि विलेम्स या तिघांनी प्रवासी कार्डाच्या नोंदी तपासल्या : संपाआधी कोण कुठून कुठे जायचं, संपाच्या दिवशी काय केलं, नंतर काय केलं. नाइलाजाने वेगळ्या मार्गाने गेलेल्यांपैकी बहुतेक जण जुन्या मार्गावर परतले. पण साधारण 5 टक्के लोक परतलेच नाहीत. वर्षानुवर्षं त्याच गावात, त्याच रेल्वेने जाणाऱ्या माणसांना संपाने अधिक बरा रस्ता दाखवला! संशोधकांनी एक कारण मोठं गमतीचं दिलंय : लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा सोयीसाठी अंतरं वाकडीतिकडी करून काढलेला आहे, आणि जिथे नकाशा जास्त फसवतो तिथले लोक जास्त बदलले.

आता हाच अभ्यास आपल्याकडे करू, असं वाटतं ना? संधी तर आपल्याला लंडनपेक्षा मोठ्या मिळाल्या. मार्च 2020 मध्ये मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, 21 ऑक्टोबरपासून महिलांना ठरावीक वेळेत मुभा मिळाली, आणि अनेक चढउतारांनंतर 15 ऑगस्ट 2021 पासून लशीच्या दोन मात्रा झालेल्यांना परवानगी मिळाली. दोन दिवस नव्हे, दीड वर्ष लोकांची घडी विस्कटली होती. ती बसते न बसते तोच ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. मग 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. तीन वर्षांत तीन प्रचंड नैसर्गिक प्रयोग.

पण शेअर रिक्षात बसलेल्या माणसाची नोंद कुठे आहे? तिथे कार्ड नाही, तिकीट नाही. दहाच्या दोन नोटा पुढे सरकतात आणि प्रवास संपतो. हल्ली यूपीआयने पैसे देतात, पण त्यातून रक्कम कळते, कुठून कुठे ते कळत नाही, आणि ती माहिती संशोधकाला कोण देणार? गोदामाचा टेम्पो सकाळी नाक्यावरून माणसं उचलतो, त्याचीही नोंद नाही. चालणाऱ्यांची तर नाहीच नाही. लंडनच्या अभ्यासकांना ‘आधी’ आयतं मिळालं होतं. टेमघरच्या येण्या-जाण्याचं ‘आधी’ फक्त माणसांच्या आठवणीत आहे.

आणि ज्या दिवशी मेट्रोचं फाटक उघडेल त्या दिवसापासून ‘नंतर’ मात्र मिनिटामिनिटाला नोंदलं जाईल. कार्ड टेकवलं की वेळ, स्थानक, सगळं. पुढचा एखादा संशोधक त्या चकचकीत माहितीवर प्रबंध लिहील, आणि त्यात टेमघरच्या लोकांचा प्रवास मेट्रोच्या पहिल्या दिवशी जन्माला आल्यासारखा दिसेल. मला झोप न येण्याचं कारण हे आहे. ‘आधी’ची खिडकी बंद झाली की कितीही पैसा ओतला तरी ती परत उघडत नाही. ती मेट्रो सुरू होतानाच बंद होते असंही नाही. रस्ता खोदला, पत्रे लागले, रिक्षाचा स्टँड हलला, की ‘आधी’ तिथेच बिघडलं.

गाडी धावण्याआधी अंदाज लिहून ठेवणारे

हे काम आधी कोणीतरी नीट केलेलं आहे, आणि त्याची गोष्ट प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असावी असं मला वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 1972 मध्ये ‘बार्ट’ नावाची नवी रेल्वे सुरू होत होती. डॅनियल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती येण्याआधी नोकरदारांची पाहणी केली : कसे जाता, किती वेळ लागतो, किती पैसे, किती चालावं लागतं. त्यावरून त्यांनी एक गणिती प्रारूप बसवलं आणि रेल्वे आल्यावर किती टक्के लोक ती वापरतील याचा अंदाज केला. सरकारी अंदाज होता 15 टक्के. मॅकफॅडन यांचा आला 6.3 टक्के. प्रत्यक्षात निघाले 6.2 टक्के. या निवडीच्या सिद्धांताबद्दल त्यांना 2000 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रारूपाची कल्पना अवघड नाही. प्रत्येक साधनाला माणसाच्या मनात एक ‘गुण’ असतो. भाडं वाढलं की गुण कमी, वेळ वाढला की कमी. साधन बदलायला लागलं की आणखी कमी. थांबून वाट बघण्याचं एक मिनिट हे गाडीत बसलेल्या एका मिनिटापेक्षा जड असतं, साधारण दुप्पट जड असा अंदाज अनेक अभ्यासांत वापरतात. (रिक्षा भरेपर्यंत बसून राहणं यातल्या कोणत्या खात्यात टाकायचं, यावर माझं अजून ठरत नाहीये. बसलेलो असतो, पण गाडी हललेली नसते.) या गुणांवरून एखादा माणूस कोणतं साधन निवडेल याची संभाव्यता काढतात. याला लॉजिट प्रारूप म्हणतात.

त्यात एक खड्डा आहे, आणि परीक्षेत तो हमखास विचारतात. समजा टेमघरहून कल्याणला जायला दोनच साधनं आहेत, शेअर रिक्षा आणि लाल बस, आणि लोक निम्मे-निम्मे वाटलेले आहेत. उद्या कोणीतरी निम्म्या बस निळ्या रंगवल्या. साधं लॉजिट म्हणेल, आता पर्याय तीन झाले, प्रत्येकाला 33 टक्के. म्हणजे रंगाच्या एका डब्याने रिक्षावाल्यांची 17 टक्के गिऱ्हाइकं पळवली! खरं तर रिक्षाचे 50 टक्के तसेच राहतील आणि लाल-निळ्या बस उरलेले वाटून घेतील. कारण प्रारूप धरून चालतं की नवा पर्याय सगळ्यांकडून सारख्याच प्रमाणात माणसं खेचतो.

मेट्रोच्या बाबतीत हा खड्डा खरोखरचा आहे. मेट्रो कुणाची माणसं खेचेल? कल्याणला लोकल पकडायला जाणाऱ्यांची कदाचित खूप. गोदामाच्या टेम्पोने फुकट जाणाऱ्याची का खेचेल? वीस मिनिटं चालत लूमवर जाणाऱ्या चाचांच्या आयुष्यात ती येणारही नाही. आणि चार घरची कामं करणाऱ्या मावशींच्या चारही घरांमधलं अंतर एका स्थानकाहून कमी आहे. सगळ्यांना एका पिशवीत घालून ‘टेमघरचे इतके टक्के लोक मेट्रोकडे वळतील’ असं म्हणणं म्हणजे निळी बसच.

मॅकफॅडन यांच्या गोष्टीचा एक भाग लोक सांगत नाहीत. एकूण आकडा अचूक आला, पण आतले तपशील तितके अचूक नव्हते. स्टेशनपर्यंत चालत जाणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच जास्त निघाला होता. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीने झाकली गेली. स्टेशनभोवतीच्या वस्तीतून चालणं लोकांना कसं वाटतं, हे मिनिटांत मोजता येत नाही. मी संध्याकाळी आठनंतर टेमघरच्या रस्त्याने चालून पाहिलंय. फुटपाथवर टेम्पो उभे, दिव्यांमध्ये अंतर, बाजूने कंटेनर. नकाशावर सात मिनिटं दिसतात, पण रात्रपाळीहून येणाऱ्या मुलीला ती सात मिनिटांची वाटत नाहीत. म्हणून माझ्या फॉर्ममध्ये आता चालण्याचे प्रश्न दोनदा आहेत, एकदा उजेडातले आणि एकदा अंधारातले.

आता फॉर्म कसा आहे

सगळाच बदलला. ‘कसे जाता?’ ऐवजी मी ‘काल घरातून निघाल्यापासून कामावर पोहोचेपर्यंत काय काय झालं, क्रमाने सांगा’ असं विचारते. ‘रोज’ विचारलं की माणूस आदर्श दिवस सांगतो, ‘काल’ विचारलं की खरा. प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीत : चालणं, थांबणं, रिक्षा, पुन्हा चालणं. परतीचाही वेगळा, कारण जाताना टेम्पो आणि येताना रिक्षा असं बऱ्याच जणांचं असतं.

मग पर्याय. ‘हे साधन आज मिळालं नसतं तर काय केलं असतं?’ उत्तर ‘सुट्टी टाकली असती’ असं आलं तर तो नाइलाज. ‘तसं मित्राच्या बाइकवर जाता येतं, पण नाही जात’ असं आलं तर सवयीबद्दल पुढे विचारण्यात अर्थ आहे.

त्यानंतर आठवणी. इथे तारखा विचारून काही मिळत नाही. कुणालाच ‘ऑक्टोबर 2021’ आठवत नाही. ‘लॉकडाऊनमध्ये’, ‘एसटीचा संप होता तेव्हा’, ‘धाकटा शाळेत गेला त्या वर्षी’, ‘कामवारीचं पाणी रस्त्यावर आलं होतं तेव्हा’ असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. याला जीवन-दिनदर्शिका पद्धत म्हणतात. आठवणी चुकतात, हे मान्य. पण एका मोठ्या घटनेला टांगलेली आठवण सुट्या आठवणीपेक्षा कमी चुकते.

मेट्रो सुरू झाल्यावर त्याच माणसांना पुन्हा भेटायचं, एकदा पहिल्या तीन महिन्यांत आणि एकदा वर्षाने. तीन महिने का? वर्प्लँकेन आणि रॉय यांनी इंग्लंडमध्ये नुकतंच घर बदललेल्यांवर काम केलं (2016). जागा बदलली की जुन्या सवयी सैल होतात आणि नवं काही रुजवायची संधी मिळते, पण ती साधारण तीन महिनेच टिकते असं त्यांना दिसलं. टेमघरला माणूस तिथेच राहील आणि भोवतालचा रस्ता बदलेल. तेव्हाही तीनच महिने लागू पडतील का, मला बघायचंय.

तुलनेसाठी वाडा रस्त्याकडच्या वस्त्याही घेतल्यात, जिथे ही मेट्रो जाणार नाही. कारण मेट्रो न येताही लोक दुचाकी घेतच असतात. दोन्हीकडचा बदल वजा केल्यावर जे उरेल तेच मेट्रोच्या खात्यावर.

यातलं सगळ्यात कच्चं टोक लपवत नाही. मेट्रो आली की स्थानकाजवळची भाडी वाढू शकतात. आज चाळीत राहणारा लूम कामगार दोन वर्षांनी तिथे नसेलही, आणि त्याच्या जागी ठाण्याला ऑफिसला जाणारं जोडपं आलेलं असेल. पाहणी म्हणेल, ‘टेमघरच्या लोकांनी चालणं सोडून मेट्रो धरली.’ प्रत्यक्षात कुणीच सवय बदललेली नसेल, माणसंच बदललेली असतील. म्हणून मी पत्ता नव्हे, माणूस धरून ठेवायचा प्रयत्न करतेय. प्रत्येकाकडून त्याचा आणि गावाकडचा एक असे दोन नंबर घेते, आणि ते का घेते हे आधी सांगते. काही जण देत नाहीत. न देणारे बहुतेक तेच, ज्यांचं हलणं मला सगळ्यात जास्त मोजायचंय.

फेलोशिप पाच वर्षांची असते. त्यातली किती गेली ते विचारू नका. टेमघरच्या स्थानकातून माझ्या मुदतीत गाडी सुटेल असं मी धरलेलं नाही. मॅडमशी बोलून प्रबंधाचं शीर्षक बदलायला दिलंय. आता तो मेट्रोच्या परिणामावर नाही, मेट्रोआधीच्या येण्या-जाण्यावर आणि त्यावरून केलेल्या अंदाजावर आहे. अंदाज मेट्रो यायच्या आधी छापून ठेवायचा, म्हणजे नंतर कुणालाही तो तपासता येईल. चुकला तर कुठे चुकला तेही दिसेल.

परवा त्याच मावशी पुन्हा भेटल्या. या वेळी विचारलं, “काल घरातून निघाल्यावर काय काय केलंत, सांगा बरं.” त्या पाण्याच्या टाकीजवळ बसल्या आणि सांगत गेल्या : पहिलं घर, मग मुलीला शाळेत सोडायला परत, मग दुसरं घर, मग रेशनचं दुकान, मग तिसरं घर, मग घरी जाऊन भात लावून चौथं. माझ्या फॉर्मवर जाण्यासाठी सहा ओळी होत्या. पान उलटून मागे लिहावं लागलं. नव्या छपाईत चौदा ओळी केल्यात.